रस्त्याचा हक्क

(चंदगड इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला भाषणाची सवय नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा दुचाकी दुरुस्तीचा. येताना हात दोनदा धुतले, तरी नखांत काळं राहिलंच. बोलवणाऱ्यांना मी म्हटलं, एखादे सर बोलवा, वकील बोलवा. ते म्हणाले, चाचा, स्टँडच्या समोर तीस वर्षं दुकान तुमचं आहे, तुम्ही जेवढं बघितलंय तेवढं कुठल्या सरांनी बघितलेलं नाही. हे मात्र खरं. मी भरपूर बघितलंय. फक्त बघितलंय. आज बोलायला उभा राहिलोय तो त्याच कारणासाठी.

आपलं चंदगड तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. इथल्या पोरी शिकायला बाहेर पडतात त्या एसटीनं, नाहीतर वडापनं. काजूच्या कारखान्यांत बायका कामाला जातात, हलकर्णीच्या, शिनोळीच्या औद्योगिक वसाहतींत जातात. पावसाळ्यात आपल्याकडं साडेपाचलाच अंधारून येतं, जून ते सप्टेंबर छत्री खाली ठेवायला मिळत नाही. गाडी चुकली की दुसरी कधी येईल याचा नेम नाही. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या बाईला वाट बघत उभं राहावंच लागतं. फाट्यावर, शेडमध्ये, टपरीच्या आडोशाला. ती उभी असते आणि आपण बसलेले असतो. माझं आजचं बोलणं या बसलेल्यांसाठी आहे.

एक गोष्ट सांगतो. माझ्या दुकानाबाहेर एक लाकडी बाक असायचा. गिऱ्हाइकाला बसायला म्हणून मीच करून घेतलेला. त्यावर गिऱ्हाईक कमी आणि पोरं जास्त बसायची. वीस वर्षांच्या वरची गोष्ट आहे. आतल्या एका वाडीवरून एक मुलगी शाळेला यायची, नववी-दहावीतली असेल. गाडीतून उतरली की बाकावर शिट्टी वाजायची. पुढं शिट्टीची गाणी झाली, गाण्यांचं नावानं हाक मारणं झालं. नाव कुठून काढलं देव जाणे. मग एकजण उठून दहा पावलं तिच्या मागं जायचा आणि हसत परत यायचा. बाकीचे टाळ्या द्यायचे.

मी काय करत होतो? स्पार्क प्लग साफ करत होतो. खाली मान घालून. मनात म्हणायचो, वय आहे पोरांचं, अंगाला हात तर लावत नाहीत ना. आणि खरं कारण वेगळंच होतं. दहा पावलं मागं जाणारा पोरगा माझ्या सख्ख्या बहिणीचा होता.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, ती मुलगी परतीच्या वेळी शेडमध्ये थांबेनाशी झाली. शेड बाकाच्या समोर पडायची. ती पलीकडं लांब, उघड्यावर, छत्री घेऊन भर पावसात उभी राहायची. तेही मी बघितलं. मग ती दिसायची बंद झाली. दिवाळीच्या आसपास एक गृहस्थ जुनी लूना ढकलत आले, चालू होत नव्हती. काम करता करता बोलणं निघालं. म्हणाले, थोरलीची शाळा बंद केली, ठरवून टाकलं तिचं. मी विचारलं, का हो, लवकर नाही का होत? म्हणाले, काय करणार, स्टँडवरची पोरं बरी नाहीत. बाकावर बसूनच म्हणाले. मी प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलला, गाडी चालू करून दिली आणि त्यांच्याकडून वीस रुपये घेतले.

त्या वीस रुपयांचं पुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण ते घेताना हात पुढं केलेला मला अजून दिसतो.

या गोष्टीत अंगाला कुणी हात लावला नाही, पोलीस आले नाहीत, पेपरात काही छापून आलं नाही. एका मुलीची दहावी गेली, एवढंच. अशा किती गेल्या असतील, मोजणार कोण? त्रास देणारा बाकावर राहिला आणि त्रास सोसणारी घरात बसवली गेली. आपल्याकडचा निवाडा हा असा आहे. गावोगाव तो दिला जातो. देणारे वाईट लोक नसतात. पोरीचा बापसुद्धा वाईट नव्हता. त्याला दिसलं की स्टँडवर तीसचाळीस माणसं आहेत आणि त्यातला एकही आपल्या पोरीच्या बाजूनं उठणार नाही. त्याचा हिशेब बरोबर होता. त्या तीसचाळीसात मी होतो.

आता थोडं दीनचं बोलतो. इथं सगळ्या समाजांची पोरं बसलेली आहेत, त्यांनी हे परकं समजू नये, सगळ्यांच्या कामाचं आहे.

आपल्यात कट्ट्यावरची गोष्ट निघाली की पहिला विषय निघतो तो बाईच्या कपड्यांचा. पडदा, हिजाब, ओढणी. कुराणात सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण क्रम कितीजणांच्या लक्षात आहे? तिसाव्या आयतीत तो पुरुषांना आहे. बायकांविषयीची आयत त्यानंतरची, एकतिसावी. आपण तिसावी ओलांडून थेट एकतिसाव्या आयतीवर उडी मारतो आणि दुसऱ्यांच्या घरात पोचतो.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे, ती तर जणू आपल्या स्टँडसाठीच आहे. पैगंबरसाहेबांनी लोकांना सांगितलं, रस्त्यावर बसू नका. लोक म्हणाले, आम्हाला दुसरी जागाच नाही, आम्ही तिथंच बसतो, तिथंच बोलतो. हे उत्तर ऐकून मला नेहमी हसू येतं, आपली पोरंही हेच सांगतात. त्यावर ते म्हणाले, बसणारच असाल तर रस्त्याचा हक्क द्या. कसला हक्क, असं विचारलं तेव्हा सांगितलं, नजर खाली ठेवा, कुणाला त्रास होऊ देऊ नका, सलामला उत्तर द्या, चांगलं करायला सांगा आणि वाईट थांबवा.

नीट बघा. कट्ट्यावर बसायला बंदी नाही. बसण्याचं भाडं आहे. आणि ते भाडं फक्त आपण गप्प बसलो, आपण शिट्टी मारली नाही, एवढ्यानं फिटत नाही. शेजारच्याची शिट्टी थांबवणं हाही त्या भाड्याचाच भाग आहे. मी माझ्या दुकानात शिट्टी मारली नव्हती. पण बाक माझा होता.

दुसरी गोष्ट हजच्या वेळची आहे. पैगंबरसाहेबांच्या मागं उंटावर त्यांचा चुलतभाऊ फझल इब्न अब्बास बसलेला होता, तरुण पोरगा. खसअम कबिल्याची एक बाई मसला विचारायला आली. फझल तिच्याकडं बघत राहिला. पैगंबरसाहेबांनी काय केलं? त्या बाईला तू तोंड फिरव म्हणाले नाहीत, इथून जा म्हणाले नाहीत. त्यांनी फझलचा चेहरा हातानं दुसरीकडं वळवला. आणि बाईच्या प्रश्नाला उत्तर दिलं. ती ज्या कामाला आली होती ते तिचं काम झालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. फझल त्यांच्या घरचा होता आणि माझा भाचा माझ्या घरचा होता. मला हात पुढं करून त्याची हनुवटी वळवायची होती, इतकंच काम होतं. ते वीस रुपयांचंही काम नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, चाचा, हे सगळं ठीक आहे, पण मध्ये पडलो आणि कुणी चाकू काढला तर? ही भीती खोटी आहे असं मी सांगणार नाही. मुंबईत अंधेरीच्या आंबोलीत 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस या दोन तरुणांनी आपल्याबरोबरच्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं. ते लोक गेले आणि जमाव घेऊन परत आले. भर रस्त्यात दोघांना भोसकलं. कीनन त्याच रात्री गेला, रुबेन 31 ऑक्टोबरला गेला. 2016 च्या मे महिन्यात चौघांना जन्मठेप झाली. ती जागा निर्जन नव्हती, माणसं होती, दुकानं होती. दोघं उठले आणि बाकीचे बसून राहिले, म्हणून ते दोघं एकटे पडले. लोक या प्रकरणातून एकच धडा घेतात, मध्ये पडू नये. मला त्यातून वेगळं दिसतं. दोघांवर चाकू चालतो. तीस माणसं एकदम उभी राहिली तर चाकू काढणाऱ्याला आधी पळायची वाट शोधावी लागते.

याच्या उलटही झालंय. 27 जून 2023. पुण्याची सदाशिव पेठ, दिवसाउजेडी. एका मुलीच्या मागं एकजण कोयता घेऊन लागला. ती जीव घेऊन पळत होती आणि लोक बाजूला होत होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे नावाचा पोरगा धावला, त्यानं कोयता अडवला. हर्षद पाटीलसारखे आणखी तरुण आले. मुलगी वाचली. या पोरांच्या हातात काही नव्हतं, ती पैलवानही नव्हती. खेड्यापाड्यातून पुण्याला अभ्यासाला जाणारी आपल्यासारख्यांच्याच घरातली पोरं.

पण मला त्यातलं जास्त आठवतं ते पुढचं. काही दिवसांनी लेशपालनं वैतागून समाजमाध्यमावर लिहिलं, लोक मला विचारतायत की ती मुलगी कुठल्या जातीची आणि तो मारणारा कुठल्या जातीचा. बघा, पोरीचा जीव वाचल्याला आठवडाही झाला नव्हता, आणि लोकांना हे हवं होतं.

मी या मुद्द्यावर जरा थांबणार आहे, कारण आपली खरी गाठ इथं बसलेली आहे. रस्त्यात काही घडताना दिसलं की आपल्या मनात पहिला प्रश्न काय येतो? पोरगी कुणाची? आपल्यातली की त्यांच्यातली? पोरगा कुणाचा? पोरगी आपली आणि पोरगा त्यांचा असेल तर आपलं रक्त उसळतं. उलट असेल तर आपल्याला अचानक काम आठवतं. आणि दोघंही आपलेच असतील तर घरातला मामला म्हणून सोडून देतो. हे मी एका समाजाबद्दल बोलत नाही, सगळ्यांचं असंच चाललंय. पण आपल्या पोरांशी मी आपल्या घरचं बोलणार. 2023 मध्ये आपल्या राज्यातून आणि बाहेरूनही व्हिडिओ फिरत होते. बुरख्यातली एखादी मुलगी वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मित्राबरोबर चालली आहे, आणि आपली चारपाच पोरं तिला घेरून ओरडतायत, नाव विचारतायत, नकाब ओढतायत, मोबाइल तोंडासमोर धरतायत. त्या पोरांना वाटत होतं आपण बहिणीची अब्रू राखतोय. अरे, ती रडतेय, हात जोडतेय, सोडा म्हणतेय, आणि तुम्ही तिचं शूटिंग करून गावभर पाठवताय. शिट्टी मारणाऱ्यानं तिची दहा पावलं खराब केली. तुम्ही तिचं आयुष्य खराब केलं. दुसऱ्या बाजूचे लोक हेच करतात तेव्हा त्याला आपण झुंडशाही म्हणतो, आणि ती असतेच. मग आपण करतो ती कोण?

म्हणून मी म्हणतो, वाईट हातानं थांबवा, नाही जमलं तर जिभेनं, तेही नाही तर मनातून वाईट माना, ही हदीस सांगताना फार जपायला लागतं. काहीजण पहिला शब्द ऐकून हात उगारतात, तेही ज्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही अशा पोरीवर. आणि आम्हा वयस्कर लोकांना शेवटचाच शब्द ऐकू येतो. आम्ही मनातून वाईट मानतो आणि प्लग साफ करत राहतो. मधली जीभ कुणीच वापरत नाही.

जीभ कशी वापरायची ते मला माझ्याच दुकानातल्या एका पोरानं दाखवलं. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, शेडमध्ये कारखान्यातून सुटलेली एक बाई उभी होती, चाळिशीच्या आतबाहेरची. एकजण तर्र होऊन तिच्याजवळ सरकत होता. ती सरकली की तो सरकायचा. मी हातातला पाना खाली ठेवला, पण काय बोलावं ते सुचेना. एवढ्यात माझ्याकडं काम शिकणारा पोरगा, एकोणीस वर्षांचा, उठून सरळ गेला. त्या माणसाकडं बघितलंही नाही. बाईला म्हणाला, मावशी, पाटणे फाट्याची गाडी गेली काय हो? आणि दोघांच्या मधोमध उभा राहिला. ती म्हणाली, नाही बाबा, मीही तिचीच वाट बघतेय. मग तो तिथंच उभा. पाऊस कसा आहे, भात किती लागलं, असलं काहीतरी बोलत. तो दारुडा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. पोरगा परत येऊन माझ्याशेजारी बसला, चेन सेट करायला लागला. मी म्हटलं, तुला कुठं जायचं होतं पाटणे फाट्याला? म्हणाला, मला कुठं जायचंय, चाचा.

मारामारी नाही, आरडाओरडा नाही, बाईला चारचौघांत कानकोंडं व्हावं लागलं नाही. सूरह कसस वाचणाऱ्यांना इथं मूसा अलैहिस्सलाम आठवतील. मदयनच्या पाणवठ्यावर धनगरांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरं आवरून बाजूला थांबल्या होत्या. त्यांनी त्या मुलींना आधी विचारलं, तुमचं काय आहे? त्यांचं म्हणणं ऐकलं, जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीला जाऊन बसले. परक्या गावात होते, भुकेले होते, तरी मुलींच्या मागं मागं गेले नाहीत, नाव-गाव विचारत बसले नाहीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे पोरांनो. मदत केली म्हणून नंबर मागायचा नसतो. पुढचे आठ दिवस सोडायला जायचं नसतं. नाहीतर एकाचा त्रास मिटवून दुसऱ्याचा सुरू केला, असं होतं.

बेळगावच्या गाडीत गर्दी असते. कुणी बाई अस्वस्थ दिसली, तर ताई, इकडं बसा, म्हणून आपली जागा द्या. कंडक्टरला मोठ्यानं हाक मारा. शेजारच्या दोघांना हळूच सांगा, एकट्यानं हिरो होऊ नका. प्रकरण मोठं असेल तर 112 लावा. आणि सगळं उरकल्यावर बाईला विचारा, तक्रार द्यायची आहे का, मी साक्षीला येतो. ती नको म्हणाली तर नको. तिच्यावर जबरदस्ती करू नका, घरी काय होईल ते तिला ठाऊक असतं. पण हो म्हणाली, तर मग कोर्टाच्या तारखेला दुकान बंद ठेवून जायचं. साक्षीदार फुटतो तिथं केस संपते. मारामारीला दहा पोरं तयार असतात, साक्षीला एक मिळत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण गंमत केली, गंमत केली असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बाईच्या अंगावर वाईट हेतूनं हात टाकणं, कलम 74, एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. अश्लील शेरे मारणं कलम 75 मध्ये येतं, वर्षभरापर्यंत. तिची इच्छा नसताना पुन्हा पुन्हा मागं फिरणं, फोनवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं, कलम 78, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, परत सापडला तर पाच वर्षांपर्यंत. शब्द, हावभाव, आवाज यांनी अपमान करणं, म्हणजे शिट्टीसुद्धा, कलम 79, तीन वर्षांपर्यंत. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो लागतो, तो आणखी कडक. गुन्हा कुठंही घडला तरी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात घेतली पाहिजे, आमच्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आणि एक कलम तुमच्या माझ्यासाठी आहे, 35. दुसऱ्याच्या जिवावर, अंगावर कुणी चालून आलं तर त्याला वाचवायचा हक्क कायदा प्रत्येकाला देतो. जेवढी गरज तेवढंच बळ वापरायचं, सूड घ्यायचा नाही, एवढी अट आहे.

आता रस्ता म्हटल्यावर हातातला मोबाइलही रस्ताच आहे. जुलै 2021 मध्ये सुल्ली डील्स आणि 2022 च्या पहिल्याच दिवशी बुल्ली बाई नावाची अ‍ॅप निघाली. लिहित्या-बोलत्या मुसलमान बायकांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला. मुंबई पोलिसांनी काही दिवसांत पकडले ते कॉलेजच्या वयाची पोरंपोरीच निघाली. आपल्याला राग आला, यायलाच हवा होता. पण तेव्हा रागावलेल्यांपैकी किती जणांच्या ग्रुपवर दुसऱ्या समाजाच्या एखाद्या पोरीचे फोटो, क्लिपा आल्यावर त्यांनी लिहिलं, हे काढा? गप्प बसलेला तो ग्रुप म्हणजे माझा बाक.

आपल्याकडं हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे. तुला घरात आयाबहिणी नाहीत का? मीही पुष्कळदा वापरलंय. आता मला ते पटत नाही. माझ्या भाच्याला दोन बहिणी होत्या. आयाबहिणी सगळ्यांनाच असतात, त्यानं काही अडत नाही. उलट त्या वाक्यातून असं निघतं की बाई कुणाची तरी बहीण असली तरच तिला सोडायचं. शेडमध्ये उभी असलेली बाई आधी या देशाची नागरिक आहे. कुठंही फिरायचा हक्क संविधानाच्या कलम 19 नं तिला दिलाय, मला दिलाय तेवढाच. ती कामाला निघाली असेल, माहेरी निघाली असेल, नाहीतर उगीचच उभी असेल. आपण तासन्‌तास उगीचच उभे असतो की. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक 2011 मध्ये लिहिलंय, त्यांचा मुद्दा हाच आहे की बाईला रस्त्यावर कायम काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. चंदगडात तर पिशवी हातात नसेल तर बाई थांबतच नाही. तुम्ही उद्या नीट बघा.

सावित्रीबाईंची गोष्ट आपण दर जानेवारीत सांगतो. 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली, त्या शिकवायला निघाल्या की लोक चिखल, शेण फेकायचे. उस्मान शेख यांनी फुल्यांना राहायला जागा दिली, फातिमाबी सोबत शिकवायला आल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. असावा. पण माझ्या डोक्यात दुसरंच येतं. शेण फेकणारे किती असतील? पाच, दहा. पुण्याच्या त्या गल्ल्यांत ओट्यावर बसून, पान जमवत बघणारे किती असतील? त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. शेण त्यांनी फेकलं नव्हतं, म्हणून रात्री त्यांना झोपही चांगली लागत असणार.

पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं हे काम नवीन नाही. 1991 मध्ये मुंबईत एका पत्रकारानं पेपरातून आवाहन केलं, बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांनी पुढं यावं. दोनशेच्या आसपास पुरुषांनी कळवलं. त्यातून ‘मावा’ ही संघटना उभी राहिली, मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून तरुण मुलांशी हेच बोलत आलेत. ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा त्यांचा दिवाळी अंक निघतो, मिळाला तर वाचा. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ म्हणून मोहीम निघाली होती, टीव्हीवर जाहिराती यायच्या. शेजारी बाईला मारहाण ऐकू येतेय, तर जाऊन बेल वाजवा आणि दूध मागा, नाहीतर आमचा चेंडू आत आलाय म्हणा. माझ्याकडच्या पोरानं ती जाहिरात बघितलेली असणं शक्य नाही, तेव्हा तो तीनचार वर्षांचा असेल. तरी त्यानं तेच केलं. पाटणे फाट्याची गाडी म्हणजे त्याची बेल.

भाच्याचं सांगायचं राहिलं. तो आता दुसऱ्या शहरात असतो, चांगलं चाललंय त्याचं. त्याला दोन मुली आहेत. थोरली यंदा आठवीत गेली. जूनमध्ये त्याचा फोन आला, मामू, शाळा लांब आहे, तिला बसनं पाठवू की रिक्षा लावू? स्टॉपवर पोरं बसलेली असतात. मी लगेच काही बोललो नाही. तोही बोलला नाही. मग मी त्याला विचारलं, तुला ती छत्रीवाली आठवते का? बराच वेळ गेला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, आठवते. मी म्हटलं, तुला तेव्हा बोलायला हवं होतं, मी बोललो नाही, माझं चुकलं. आणि आता त्या स्टॉपवर तू स्वतः जाऊन बस आठ दिवस, त्या पोरांशी बोल. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखणार? तो गेला की नाही मला माहीत नाही. मी परत विचारलं नाही.

बाक मी मध्यंतरी उचलून आत ठेवला होता. वाटलं, बाक नसला की पोरं बसणार नाहीत. ती पंधरा पावलांवर गटाराच्या कट्ट्यावर बसायला लागली, म्हणजे माझ्या नजरेआड. म्हणून या पावसाळ्यात परत बाहेर ठेवलाय. आता माझी खुर्ची त्याच्या शेजारीच असते. पोरं बसतात, मोबाइल बघतात, हसतात. बसू देत. त्यांच्यातला एकजण परवा शिट्टी मारायला गेला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत हलकी थाप दिली आणि माझ्याकडं डोळ्यानं खुणावलं. मी चहा सांगितला सगळ्यांना. फार काही झालं नाही. गाडी आली, पोरी चढल्या, गाडी गेली.

मी बराच वेळ घेतला. मागच्या तीन रांगांत आपल्या भगिनी बसल्यात, मघापासून मी त्यांच्याबद्दलच बोलतोय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. स्टँडवर त्यांना कुठं थांबायला नको वाटतं, कुठला दिवा बंद आहे, कुठल्या वेळची गाडी टाळतात, हे त्यांनाच माहीत. माईकची वायर तिथपर्यंत पोचते का बघा. नसेल पोचत तर आपण पुढची मंडळी उठू, त्यांना इथं येऊ दे.